कॅप्टन जेवतोय

उत्तरेची सागरी वाट शोधायला निघालेलं कॅप्टन थॉर्नलीचं जहाज बर्फात रुतून बसलं आणि ताज्या अन्नावाचून खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. किनाऱ्यावर राहणारी निविआक म्हातारी सीलची ताजी, कच्ची कलेजी घेऊन जहाजावर गेली.

"खा रे लेका, जगशील," ती दुभाष्याकरवी म्हणाली.

कॅप्टनने नाकाला रुमाल लावला. "बाई, आम्ही सुधारलेली माणसं आहोत." आणि तो चांदीच्या काट्याचमच्याने डब्यातलं खारं मांस चघळत राहिला. बर्फ वितळायच्या आत निविआकच्या माणसांनी त्याला दगडांखाली पुरलं.

दोन उन्हाळ्यांनंतर बापाच्या शोधात त्याचा मुलगा एडमंड आला.

"कॅप्टन थॉर्नली कुठे आहेत? जिवंत तरी आहेत ना?" त्याने दुभाष्याकरवी निविआकला विचारलं.

"आहे की! आत जेवतोय," निविआक म्हणाली.

एडमंडचे डोळे भरून आले. त्याने घाईघाईने गणवेशाची बटणं लावली आणि तो बर्फाच्या घराच्या बुटक्या दारातून रांगत आत शिरला. आतल्या वासाने त्याचाही रुमाल नाकाशी गेला. समोर निविआकचा नातू बसला होता. वर्षा-दीड वर्षाचं पोर, हनुवटीपर्यंत रक्ताने माखलेलं, कच्ची कलेजी मटामटा खात होतं.

"आमच्यात मेलेल्याचं नाव बाळाला ठेवलं, की तो माणूस परत येतो," मागून निविआक म्हणाली.



"बस बापाशेजारी. या खेपेला शहाणा होऊन आलाय बघ, वाढलेलं मुकाट खातो."