काळा पडदा

सिद्धांतनं 'हैबत' लिहिलं. मग 'हैबतराव'. मग आडनाव. संगणकाच्या काळ्या पडद्यावर प्रत्येक वेळी तेच उत्तर: चूक.

"काकू, आत जायला काकांनी दुसरं काही नाव ठेवलं होतं का?"

साळूबाईला काय माहीत! नवऱ्याचं नाव तिनं जन्मात उच्चारलं नव्हतं. त्यांनी संगणकात काय लिहिलं ते तिला कोण सांगणार? उद्या हैबतरावांचा दहावा. चौकटीत लावायला बरा फोटो हवा होता, आणि सगळे फोटो या डब्यात अडकलेले. माण गावातली जमीन आयटी पार्कात गेल्यावर हैबतरावांनी बारा खोल्या बांधल्या आणि त्यांत इंजिनियर भरले. सिद्धांत त्यांतलाच एक.

संगणक मुळात लेकीचा. कॉलेजात असताना त्यावर लिनक्स ही प्रणाली तिनंच टाकली होती. सहा वर्षांपूर्वी पोरीनं आपल्या मनानं लग्न केलं आणि हैबतराव गरजले, "तिचं नाव ह्या घरात कुनी घ्यायचं न्हाई!" त्याच आठवड्यात एका भाडेकरूला बसवून त्यांनी संगणक असा करून घेतला: चालू केला की नुसता काळा पडदा आणि नाव विचारणारी एक ओळ. चित्रंबित्रं सगळी बंद. मग रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यापुढं बसायचे आणि दोन बोटांनी टकटक करायचे. काय लिवताय, असं विचारलं की, "तुला काय करायचंय?" एवढंच.

साळूबाईनं शब्द पाळला. अगदी खुळ्यासारखा पाळला. दवाखान्यात हैबतरावांच्या तोंडात नळी होती. बोलणं बंद. चादरीवर दोन बोटं मात्र आपटत राहायची. पाचदा आपटून थांबायची, पुन्हा पाचदा आपटायची. झटके येतायत असं वाटून ती तो हात घट्ट दाबून बसायची. लेक दवाखान्याच्या दारापर्यंत आली, तर हिनंच तिला परत पाठवलं. "तुला बघून जीव जाईल त्यांचा." आज सकाळी पुन्हा तिचा फोन आला होता. "आई, दहाव्याला तरी येऊ?"

"नगं. त्यांचा शब्द हाय," असं सांगून साळूबाईनं फोन ठेवला आणि चुलीपुढं बसून पोटभर रडून घेतलं.

"थांबा," सिद्धांत म्हणाला. "मागच्या दारानं शिरून चित्रांचा पडदा परत चालू करतो. हा काळा पडदा नाव विचारतो, स्वतःहून काही सांगत नाही. चित्रांच्या पडद्यावर ज्याचं ज्याचं खातं असेल, त्याचं नाव समोर येतं. फोटोसकट."

संगणक बंद झाला, चालू झाला. पांढरी अक्षरं भराभरा वर सरकली. मग निळा पडदा आला. त्यावर मधोमध एकच गोल फोटो होता. कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात अडकवून हसणारी पोर. खाली नाव.

"पिंके!" साळूबाईच्या तोंडून सहा वर्षांनी ते नाव निघालं. मग ती गोंधळली. "आन् ह्यांचं कुटं हाय?"

"दुसरं खातंच नाही, काकू. काका रोज हेच नाव लिहून आत जायचे. असं." त्यानं दोन बोटांनी करून दाखवलं. टक, टक, टक, टक, टक. "इंग्रजीत पाचच अक्षरं."

साळूबाई पडद्याकडे बघत नव्हती. त्याच्या बोटांकडे बघत होती.

"पुन्यांदा कर," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा केलं. तिचा चेहरा बघून तो घाबरला. "काकू, ताईंना फोन लावू का? उद्या या म्हणून सांगू?"

"लाव." साळूबाईनं स्वतःचे दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले. "आन् काय सांगू तिला? मरताना बाप तुजं नाव घेत व्हता, आन् मी त्यो हात दाबून धरला, आसं सांगू?"