ओळखीचा आवाज

रुग्णालयाच्या काउंटरवरच्या यंत्रानं तुषार ढेकळेच्या बोटातलं थेंबभर रक्त घेतलं आणि पडद्यावर उत्तर आलं: बाळाशी रक्ताचं नातं जुळत नाही.

तुषारला ते ठाऊकच होतं. दात्याच्या मदतीनं बाळ होऊ द्यायचं, हे त्यानं आणि त्याच्या बायकोनं, नयनानं, मिळून ठरवलं होतं.

नोंदणीच्या खिडकीतल्या कुरेशी मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "जन्मदाखल्यावर 'वडील'ऐवजी 'पालक' लिहू का? लगेच होईल."

"नको मॅडम. आवाजाची चाचणी घ्या. नव्या कायद्यानं ती चालते ना?"

"चालते. पण बाळानं ओळखलं नाही, तर पुन्हा संधी नाही."

"घ्या तुम्ही."

नर्सनं रडणाऱ्या मुलीच्या डोक्यावर तारांची मऊ टोपी चढवली. आधी तिला अनोळखी पुरुषांचे आवाज ऐकवले. ती रडतच राहिली. मग तुषार वाकला. नयना गरोदर असताना रोज संध्याकाळी तिच्या पोटाशी बसून तो ज्या सुरात आपल्या दुरुस्तीच्या दुकानातल्या गमती सांगायचा, त्याच सुरात म्हणाला, "अगं, आज काय झालं ऐक. एक आजोबा चालू पंखा दुरुस्तीला घेऊन आले..."

रडणं थांबलं. मुलीनं मान त्याच्याकडे वळवली. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: आवाज ओळखला.

कुरेशी मॅडमनी दाखल्यावर वडिलांचं पूर्ण नाव छापलं.

वॉर्डात नयनानं धास्तावून विचारलं, "जमलं का रे सगळं?"

"मी कुठं काय केलं?" लेकीला तिच्या कुशीत देत तुषार म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "जन्मल्या दिवशीच बापाचं काम करून दिलं पोरीनं!"