चढावरची नावं

साताऱ्यात भाड्याची सायकल चढाला लागली, की तिच्यात आधी कुणी मेहनत साठवून ठेवली होती त्याचं नाव हँडलवर उजळायचं आणि पायडल हलकं व्हायचं. म्हणून सायकल स्टँडला लावण्याआधी पुढच्या माणसासाठी मैदानाला एक जादा फेरी मारायची, असा गावात रिवाजच पडला होता.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा महिने इंदूताई शेडगे दुसऱ्यांच्याच जोरावर चढ चढत होत्या. बहुतेकदा नाव यायचं बेकरीतल्या नसीमाचं. ते वाचून इंदूताईंची मान खाली जायची.

आज डॉक्टरांनी गुडघ्यावर जोर द्यायची परवानगी दिली आणि त्यांनी एक सोडून तीन फेऱ्या मारल्या. घामाघूम होऊन सायकल लावतात, तोच पावाचा क्रेट घेऊन नसीमा आली.

"काकू, झाली का तुमची?"

"ने गं," एवढंच म्हणून त्या कट्ट्यावर बसल्या.

अर्ध्या चढावर नसीमाने पाय टेकला, हँडल पाहिलं आणि मागे वळून हाक दिली, "काकू, आज तुम्ही ढकलताय होय मला."

कट्ट्यावरचे सगळे इंदूताईंकडे बघू लागले. घाम पुसायला उचललेला पदर त्यांनी तसाच खाली सोडला. दिसू दे म्हणाल्या.