किडूक

"किडूक चावलं, ताई. दवाखान्यात चल घेऊन," म्हणत छबूबाई उसाच्या पाचटावरच बसली. कोयता हातातून सुटला होता.

मोनिकाला आधी आनंदच झाला, मग लाज वाटली. सावेडीहून देवळाली प्रवराजवळच्या या उसात ती आली होती तीच किडे पकडायला. कॉलेजात प्राणिशास्त्राचा कीटकसंग्रह उद्या द्यायचा होता. वीस किडे हवे होते, एकोणीसच जमले होते. विसावा छबूबाईच्या पायावर सही करून गेला होता.

तोडकऱ्यांची टोळी पलीकडच्या बांधाला ट्रॉली भरत होती. जवळपास या दोघीच, आणि मोनिकाची स्कूटर.

घोट्यावर थेंबभर रक्त होतं. भोवती सूज.

"पंख होते का, मावशी?"

"न्हाई."

"मिशा?"

"मिशा कुनी बघितल्या? गाडी काढ की." छबूबाईने पदर दातात धरला.

"काढते. पण काय चावलं ते डॉक्टर विचारतीलच ना. रंग?"

"मातकट. अंगावर गोल गोल ठिपकं."

भुंगेरा असणार, मोनिकाने ठरवून टाकलं. किडा चावला तर मलम पुरतं, तेवढ्यासाठी राहुरीचा दवाखाना कशाला गाठायचा? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मोनिकाचं काहीच जळत नव्हतं. तिने किड्यांच्या बाटलीचं झाकण काढलं आणि छबूबाईच्या पायाशी पाचट चाळायला बसली.

सूज पोटरीला भिडली. छबूबाईने डोळे मिटून घेतले. कपाळावर घाम डवरला. आता मात्र मोनिका धसकली. भीती वाटली की तिची घोकंपट्टी सुरू व्हायची.

"मावशी, पाय किती होते तेवढं सांगा. सहा असतील तर कीटक. आठ असतील तर कोळी, नाहीतर विंचू. विंचू असेल तर लगेच निघू." बोलता बोलता तिचा हात कोपरापर्यंत पाचटात गेला होता.

छबूबाईने डोळे उघडले. तो हात बघितला, आणि उरलंसुरलं बळ लावून मनगटच धरलं.

"पायच न्हवतं त्याला," ती हळू आवाजात म्हणाली. "रानात त्याचं नाव घेऊ न्हाई, म्हून किडूक म्हन्ले. हात काढ, पोरी. अजून तितंच हाय ते."