चार चेंडू बाहेर

त्या कामाला बेसबॉल संघातला एकही जुना पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तयार होईना, म्हणून आठव्या डावात कुसाकाबेला उठवलं. एकजण म्हणाला खांदा भरून आलाय, दुसरा संडासात जाऊन बसला. कुसाकाबे बावीस वर्षांचा, दुय्यम संघातला. सकाळीच त्याला मुख्य संघाचं बोलावणं आलं होतं. त्यानं लगेच गावी फोन केला आणि मिळेल ती गाडी पकडून आई-वडील डोंगरातून ओकायामा शहरात सामना बघायला आले होते.

"शिरागाला चारही चेंडू बाहेर टाकायचे," मॅनेजर म्हणाले. "बॅटला एकही लागता कामा नये. कळलं?"

"साहेब, एक तरी सरळ..."

"इवामोतोचं वय बघ, पोरा. त्याला पुढच्या वर्षी कोण विचारणार आहे?"

मोसमातला शेवटचा सामना. हरण्या-जिंकण्यात आता काही राहिलं नव्हतं. राहिला होता तो एक आकडा. वर्षभराच्या सरासरीत कुसाकाबेच्या संघाचा इवामोतो केसभर पुढे होता. तो पुढेच राहावा म्हणून आज त्याला खेळवलंच नव्हतं. पाहुण्यांच्या शिरागाचा एक फटका बसला असता, तर अव्वल फलंदाजाचा मान तिकडे गेला असता. पण चार चेंडू बाहेर गेले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो आणि ती खेळी सरासरीत धरत नाहीत. दुपारपासून शिरागाला दरवेळी असंच चालत पाठवलं होतं.

फलंदाजामागं बसलेला कॅचर उठून बाजूला उभा राहिला, हात लांब करून. पहिला चेंडू बाहेर. दुसरा बाहेर. घरच्याच प्रेक्षकांतून एक बाटली मैदानात येऊन पडली. "भित्र्या, गावी जा आणि भात लाव!"

शिरागानं बॅट खाली केली. "नाव काय रे तुझं?" तो ओरडला.

"कुसाकाबे."

"आज पहिलाच दिवस ना? मग टाक की एक सरळ! बसला फटका तर माझं नशीब. नाही बसला तर जन्मभर सांगत फिर."

कुसाकाबेनं बाकाकडे पाहिलं. इवामोतो डोक्यावरून टॉवेल ओढून बसला होता. मागं कुसाकाबेचे बूट फाटले, तेव्हा याच माणसानं स्वतःचे काढून दिले होते. पायात आज तेच होते.

तिसराही बाहेर गेला.

चौथ्या वेळी त्याची बोटं आपोआप शिवणीवर बसली, सरळ चेंडूसाठी बसतात तशी. कॅचरनं डोळे वटारले. कुसाकाबेनं अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावून चेंडू टाकला. बाहेर. कॅचरच्या हातमोज्यात तो असा वाजला की पार वरच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. शिरागानं बॅट मातीत आडवी ठेवली आणि सावकाश चालत पहिल्या बेसवर गेला.

मॅनेजरांनी कुसाकाबेच्या हातातून चेंडू काढून घेतला. कुसाकाबे बाकाशी आला तसा इवामोतो उठला, टोपी काढून त्याच्यापुढे कमरेत वाकला आणि वाकलेलाच राहिला. "नको, इवामोतोदादा," कुसाकाबे म्हणाला.

मान इवामोतोला मिळाला. कुसाकाबेच्या नावापुढे लागलं: फलंदाज एक, फुकट बेस एक, बाद शून्य. त्यात पुढे कधीच भर पडली नाही.

सामना संपल्यावर आई-वडील फाटकाबाहेर थांबले होते. संघानं त्यांना अगदी पुढच्या रांगेत, कॅचरमागच्या जाळीला लागून बसवलं होतं. आईनं घरून आणलेला डबा त्याच्या हातात दिला. "खाल्लंस का काही?" तिनं विचारलं आणि दुसरीकडे बघत राहिली.

"बाबा," कुसाकाबे म्हणाला, "मी..."

वडिलांनी त्याच्या खांद्यावरची माती झटकली. झटकून झाली तरी झटकत राहिले.

"ऊन तोंडावर येत होतं रे," ते म्हणाले. "आम्हाला काही दिसलंच नाही."