भगत येईपर्यंत

"भगत आल्याबिगर पोर हलायचा नाय," फुलाबाई म्हणाली आणि खाटेच्या कडेला आणखी घट्ट बसली.

नर्स वेदिकाने स्वतःचं डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. खाटेवर फुलाबाईचा नातू, चार वर्षांचा लखन, धापा टाकत होता. दर श्वासाला त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. न्यूमोनिया. डॉक्टर "याला ताबडतोब नाशिकला हलवा" म्हणाले आणि पलीकडे बाळंतिणीकडे पळाले. पेठच्या डोंगरातल्या या छोट्या दवाखान्यात ऑक्सिजन होता, पण लखनला आता तेवढ्याने भागत नव्हतं.

"याचे आईवडील कुठायत, आजी?"

"द्राक्षांच्या छाटणीला. मीच हाय."

म्हणजे वाद घालायचा तो हिच्याशीच. वेदिका नाशिक रोडहून नुकतीच इकडे बदलून आली होती. झाडफूक करणाऱ्या भगताची वाट बघत पोरं कशी दगावतात, हे तिला निघतानाच सगळ्यांनी ऐकवलं होतं.

तिने व्हरांड्यात येऊन ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला, सोमाला, फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. हा काय गप्पा मारत बसलाय?

खिडकीतून आत पाहिलं तर फुलाबाईही बटणांच्या फोनवर तिच्या बोलीत काहीतरी सांगत होती. तिने फोन कमरेला खोचला. वेदिकाने तिसऱ्यांदा लावला, तेव्हा कुठे लागला.

"सावळघाटात आहे, मॅडम. ट्रक आडवा झालाय. काढतायत."

ती पाय आपटत आत आली.

"भगत निघालाय," फुलाबाई म्हणाली. "घाटात हाय."

"वा. आज सगळेच घाटात."

"सकाळीच नाशकात गेल्ता."

"भगत? नाशकात काय करतो तो?"

"हितं करतो तेच. माणसं वाचवतो."

लखनचे ओठ निळसर व्हायला लागले होते. वेदिकाने ऑक्सिजन वाढवला, उशी सारखी केली. वळून बघते तर आजी त्याचा सदरा, गोधडी, भाकरी गाठोड्यात बांधतेय.

"घरी नेलंत ना, तर हा रात्र काढणार नाही. कळतंय का तुम्हाला?"

"म्हून त बांधते," फुलाबाईने गाठ आवळली.

वेदिकाला रागाने रडूच फुटणार होतं. तिने ठरवलं. गाडी आली की पोराला उचलायचं आणि आत बसायचं. म्हातारी आडवी पडली तरी, भगत दारात उभा राहिला तरी.

सायरन वाजला. वेदिकाने लखनला खांद्यावर घेतलं, छोटं सिलिंडर बगलेत मारलं आणि पळत सुटली. मागून फुलाबाईही, गाठोडं घेऊन.

"मधे येऊ नका, आजी. तुमच्या भगतासाठी मी थांबणार नाही."

फुलाबाई मधे आलीच नाही. ती वेदिकाला ओलांडून पुढे गेली आणि ड्रायव्हरसमोर कौलासाठी तांदळाची मूठ उघडली.

सोमा ड्रायव्हरने टोपी काढली, चार दाणे लखनच्या कपाळाला लावले, क्षणभर डोळे मिटले.

"देव नाशिकच म्हणतो, मावशी," तो म्हणाला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला.