पंख्यातले केस

माझी मुलगी त्रिवेणी गेल्यावर नातीला सांभाळायला मी विद्यानगरला जावई शिवराजच्या घरी राहिले. तिला हार्ट अटॅक आला, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. मी ते मानलं नव्हतं, पण माझं ऐकणार कोण?

तो घरूनच काम करायचा. त्याचा कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडू लागला. कोठी बाजारातून दुरुस्तीवाला गौसभाई आला, त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि आतल्या पंख्यात गुंतलेले लांब केस कापून काढले. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच.

“इत्ते लंबे बालां किसके हैं, साब?”

“घर में बिल्ली है,” शिवराज म्हणाला.

“बिल्ली चोटी डालती क्या?” गौसभाई हसला.

माझे केस पांढरे आणि तोकडे. नातीचं जावळ नुकतंच काढलेलं. या केसांना तर ताज्या तेलाचा वास होता.

गौसभाईने कात्री बाजूला ठेवून एक केस हळूच ओढला. तो येतच राहिला, संपेना. मागे खुर्चीत शिवराज खोकला. गौसभाईने आणखी ओढला, तसा शिवराजचा हात गळ्याशी गेला. त्याच्या तोंडातून आवाज फुटेना. त्रिवेणीला शेवटची आंघोळ घालताना तिच्या गळ्यावर मी जिथे काळानिळा वळ पाहिला होता, तिथेच त्याच्या गळ्यावर लाल रेघ उमटत होती.

गौसभाईने घाबरून माझ्याकडे पाहिलं. “अम्मा, छोड़ दूं?”

मी नातीला उचललं आणि तिचं तोंड माझ्या खांद्याकडे वळवलं.

“नक्को, भाई,” मी म्हणाले. “खींचते रहो.”